रडूबाई

“अगं, नीट रड ना! पोर भुकेलंय की त्याला गुदगुल्या होतायत?”

काचेपलीकडच्या खोलीतून मम्मीजींचा आवाज माईकवरून आला आणि मी तोंडापुढचा तळहात खाली घेतला.

“नीटच रडत होते, मम्मीजी. हिरॉईनचं वाक्य दबायला नको म्हणून जरा बेतानं घेतलं.”

“दबलं तर दबू दे. तिला भाव आला पाहिजे. तू आपली जीव तोडून रड.”

हिरॉईन माझ्या शेजारीच, हातभर अंतरावर, दुसऱ्या माईकसमोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. समोरच्या छोट्या पडद्याकडं डोळे लावून ती नुसती उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

रडणं हा माझा धंदा होता. हसू नका, खरंच सांगते. त्या काळात शूटिंगच्या वेळचा आवाज काही कामाचा नसे, सगळं पुन्हा डबिंग थिएटरात बोलून घ्यायचे. मोठी माणसं बोलतील, पण तान्ह्या पोराला कुठं सांगणार, बाबा रे, आता रड आणि आता गप्प बस? मग ती पोरं मी रडायची. आमच्या परळच्या चाळीत खालच्या मजल्यावर दळवी राहायचे, ते साउंड रेकॉर्डिस्ट होते. मी एकदा जाऊबाईंना चिडवायला त्यांच्या धाकट्याच्या रडण्याची नक्कल करत होते. दळवी जिन्यावरून धावत वर आले की पोराला काय झालं म्हणून. पोर शांत झोपलेलं, आणि रडतेय मी! दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला थिएटरात नेऊन उभं केलं. तेव्हापासून किती हिंदी सिनेमांतली पोरं मी रडले असेन, त्याला सुमार नाही. जत्रेत हरवलेली, देवळाच्या पायरीवर सोडलेली, इस्पितळात अदलाबदल झालेली, सगळी मीच. पडद्यावर माझं नाव कधी आलं नाही. दळवी मला बघितलं की म्हणायचे, “आल्या आमच्या रडूबाई!” आणि थिएटरात नवा माणूस आला की तो हमखास विचारायचा, “बाई, तुम्हाला स्वतःला किती?” मी कधी दोन सांगायची, कधी चार. एकाला तर जुळी आहेत म्हणून सांगितलं होतं.

तर त्या दिवशीचा तो सिनेमा. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितला असेल. चाळीतली एक बाई, नवरा मास्तर, पोर तान्हं. हिला गाडीबंगल्याची हाव सुटते. एका शेठजीच्या गाडीत बसून ती निघते आणि निघताना पोर शेजारणीच्या हातात कोंबते. शेजारीण धावत गाडीपाशी येते, पोर पुढं करते, म्हणते, तू माँ है इसकी. पोर टाहो फोडतंय. आणि ही एक पाय गाडीत ठेवून मागं वळते आणि म्हणते, “मैं किसी की माँ नहीं हूँ.” दार बंद, गाडी निघून जाते. त्या एका वाक्यावर सगळा सिनेमा उभा होता. पुढं ते वाक्य फार गाजलं. कॉलेजातली पोरंसुद्धा त्याच्या नकला करायची.

पण त्या दिवशी ते वाक्य काही केल्या होत नव्हतं.

हिरॉईनचं पडद्यावरचं नाव मधुरिमा. खरी ती मिरजेची अंबिका, आपली मराठी मुलगी. तेवीस-चोवीसची असेल. शूटिंग आदल्या वर्षीच संपलं होतं. मग तिला म्हणे कावीळ झाली, ती मिरजेला गेली आणि कित्येक महिने आलीच नाही. तिच्याविना डबिंग अडलेलं. निर्माता डोक्याला हात लावून बसला होता. आता ती आली होती, बाकीचं सगळं बोलून झालं होतं, आणि हा एवढा एकच तुकडा उरला होता. तो संध्याकाळच्या आत झाला नाही तर सिनेमा ठरलेल्या तारखेला लागणार नव्हता. आणि तो लागला, चालला, की त्याच निर्मात्याचे पुढचे तीन सिनेमे तिलाच मिळायचे होते, आणि खारला बंगला.

बंगल्याचं मला कसं ठाऊक? अहो, सगळ्या थिएटरला ठाऊक होतं. तिची आई जाईल तिथं सांगत फिरायची. चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे तिला मम्मीजी म्हणायचे. उंच, हाडकुळी बाई, केसांचा घट्ट अंबाडा, हातात कायम एक कातडी पिशवी. त्या पिशवीत तिनं एक पितळी पाटी करून ठेवली होती. दारावर लावायची, नावाची. बंगला अजून दुसऱ्याचा होता, पण पाटी तयार! मऊ फडक्यात गुंडाळलेली ती पाटी सोडून ती आम्हाला दाखवायची. ‘मधुरिमा’ एवढीच अक्षरं, ठसठशीत. “दोन घरांत मोलकरीण म्हणून राहिलेय मी,” ती म्हणायची, “दुसऱ्याच्या नावाच्या पाट्या घासल्यात. आता ही घासीन.” मी तोंडावर हसायची नाही. अशा पाट्या घासणारी माझी आई होती.

एरवी मला हिरॉईनबरोबर कधी उभं करत नसत. तिचं तिचं बोलून व्हायचं, मग माझं रडणं वेगळं घेऊन दळवी दोन्ही जोडायचे. पण सकाळपासून अंबिका ते वाक्य म्हणत होती आणि दिग्दर्शक भल्लासाहेब नाही म्हणत होते. कोरडं येत होतं. किराणा दुकानात साखर संपलीय असं सांगावं, तसं. शेवटी मम्मीजींनाच सुचलं. “बच्चे का रोना सामने रखो ना, भल्लासाब,” त्या म्हणाल्या. “कुमुद को अंदर भेजो. कानात रडणं पडलं की पोरीला आपोआप भाव येईल. मी तिला लहानपणापासून ओळखते.”

म्हणून मी आत गेले. स्वतःच्या तोंडानं त्यांनी मला आत पाठवलं, हे मला पुढं कितीदा आठवलं.

डबिंग असं चालायचं की सिनेमाचा तेवढाच तुकडा कापून त्याची टोकं जोडायची आणि तो मशिनवर गरगर फिरत ठेवायचा. म्हणजे पडद्यावर तेच ते पुन्हा पुन्हा येत राहतं. ती पोर शेजारणीच्या हातात देते, गाडीकडं जाते, वळते, ओठ हलतात, दार बंद. की लगेच पुन्हा पोर तिच्या हातात. नीट जमेपर्यंत सुटका नाही. आत थंडी अशी, की मी उन्हाळ्यातसुद्धा शाल घेऊन जायची.

“अब की बार पूरा रोइए, कुमुदबाई,” भल्लासाहेब म्हणाले.

मी पूर्ण रडले. भुकेल्या पोराचं रडणं वेगळं असतं. झोपेचं रडणं कुरकुरीचं, पोटदुखीचं किंचाळतं. भुकेलं पोर आधी अडखळतं, मधे थांबून बघतं की कुणी येतंय का, आणि कुणी आलं नाही की मग एकदम सूर धरतं. डोळे मिटून मी तसा सूर धरला. उघडले तेव्हा पडद्यावर गाडीचं दार बंद होत होतं आणि शेजारी वाक्य झालेलंच नव्हतं. मी वळून बघितलं.

अंबिकानं दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते. फिकट आकाशी वॉयलचं पातळ होतं अंगावर. हातांच्या खाली ते गडद होत चाललं होतं.

बाईच्या जातीला हे समजावून सांगावं लागत नाही. मी अंगावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवरून पुढं ओढून घेतली. काचेकडं माझी पाठ होती. मोठ्यानं म्हटलं, “दळवी, घसा गेला माझा. जरा पाणी पिऊन येते. यांनाही थंडी वाजतेय.”

मेकअपच्या खोलीत नेऊन मी दाराला कडी लावली. तिनं शाल बाजूला केली. ब्लाउज पार भिजला होता आणि आत छातीला आवळून जुनेराचा पट्टा बांधलेला, तोही ओला.

“केवढं आहे?” मी विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मान खाली घालून म्हणाली, “अडीच महिन्यांची. मुलगी आहे.”

“आणि कावीळ?”

“कसली कावीळ, बाई!” ती रडता रडता हसली. “मिरजेला मावशीकडं आहे ती. बापाचं विचारू नका, त्यानं कधीच पाठ फिरवली. कुणाला सांगू नका हो, पाया पडते.”

“सांगतेय कशाला! पण अंगावरचं पोर सोडून आलीस कशी गं तू?”

“आईनं गोळ्या दिल्या. पट्टा बांधला. आटलं होतं सगळं, खरंच आटलं होतं. मला वाटलं, सुटले. आणि तुम्ही रडलात.” तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही चोरून आणलं होतं. “ती अशीच रडते. आधी अडखळते, मग एकदम. तुम्हाला कसं ठाऊक ती कशी रडते?”

मी पट्टा सोडायला लागले. गाठ फार घट्ट होती.

“हुबळीचं एक जोडपं आहे,” ती पुढं म्हणाली. “दुकान आहे, घर आहे, मूल नाही. उद्या सकाळी मिरजेला येणार आहेत, तिला न्यायला. आईनं सगळं ठरवलंय. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली. वाटलं, चांगल्या घरी जाईल. मला इथं कोण विचारणार पोर घेऊन?”

माझ्या मनात काय आलं सांगू? त्या हुबळीच्या बाईनं आत्तापर्यंत झबली शिवून ठेवली असतील, टोपडी विणली असतील, दोनदा धुऊन मऊ केली असतील. हे आधी आलं. समोर ही पोर भिजून उभी, आणि मला त्या न बघितलेल्या बाईची झबली दिसत होती.

“तुम्हाला किती मुलं, बाई?” अंबिकानं विचारलं.

दोन म्हणणार होते. तोंडातून निघालं, “एकही नाही.”

“मग हे रडणं?”

“जाऊबाईंच्या चौघांचं. एका खोलीत आम्ही सगळे. त्यांची पोरं मीच कडेवर घेऊन हलवायची. पण भुकेलं पोर माझ्याकडं थांबायचं नाही गं. कितीही गाणी म्हणा, कितीही थोपटा. जाऊबाई मोरीत धुणं धूत असल्या, इकडं पोर रडलं, की तिकडं त्यांचा पदर भिजायचा. मी शेजारी उभी असायची, कोरडी. मला काय येतं? रडणं तेवढं येतं.”

तिनं डोळे पुसले. मग माझा हात धरून म्हणाली, “बाई, एक करा. आता आत गेल्यावर तसं रडू नका. खोटं रडा, कसंही. मला तेवढं वाक्य म्हणून टाकू दे. एकदा म्हटलं की झालं. मग काही वाटणार नाही.”

दारावर थाप पडली. मम्मीजीच होत्या. कडी काढावीच लागली. त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा जमिनीवरच्या पट्ट्याकडं, आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या रागावल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी दुसरं कोरडं फडकं काढलं, लेकीला पाठमोरी फिरवली आणि बांधायला सुरुवात केली. बरोबर घेऊनच आल्या होत्या.

“दुखतंय, आई.”

“दुखणारच. मलाही दुखलं होतं.” फडक्याला पीळ देत त्या म्हणाल्या, “हे बघ अंबू, पोर पदरात घेऊन एकटी राहिलेल्या बाईकडं लोक कसे बघतात, ते मी बघितलंय. तुला पाठीशी बांधून मी या मुंबईत आले. तू तापानं फणफणलेली असायचीस आणि मी लोकांच्या चादरी पिळत असायची. तुझ्या नशिबी ते यायला नको, म्हणून चाललंय हे सगळं. मला काय हौस आहे नातीला दुसऱ्याच्या घरी द्यायची? मी आई नाही का?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तू सांग हिला, कुमुद. तूही लेकुरवाळी आहेस.”

अंबिका आरशातून माझ्याकडं बघत होती. मी जमिनीवरचा ओला पट्टा उचलून घडी घालायला लागले.

आम्ही पुन्हा आत जाऊन उभ्या राहिलो. शाल तिच्याच अंगावर होती. मी तिचं ऐकलं. खोटं रडले, घशातल्या घशात, वरवर.

“कट, कट!” भल्लासाहेब ओरडले. “ये बच्चा है के बिल्ली है, कुमुदबाई? आपको क्या हो गया?”

दळवींनी काचेतून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत माझं रडणं कधी परत पाठवलं नव्हतं कुणी. पुन्हा एकदा तसंच रडले. पुन्हा नाही. भल्लासाहेबांनी कपाळाला हात लावला. मम्मीजी त्यांच्या मागं उभ्या राहून माझ्याकडं डोळे वटारत होत्या.

“रडा, बाई,” अंबिका हळूच म्हणाली.

“अगं, पण तूच म्हणालीस ना...”

“खरं रडा. मला बघायचंय, माझ्या तोंडातून ते निघतंय का.”

मग मी रडले. त्या हुबळीच्या बाईसाठी रडले, मिरजेत मावशीच्या मांडीवर कोण जाणे कशी असलेल्या त्या पोरीसाठी रडले, आणि जाऊबाईंच्या मोरीच्या दाराशी उभी असायची त्या कोरड्या बाईसाठीही रडले. आधी अडखळले, थांबले, कुणी येतंय का बघितलं, मग सूर धरला. पडद्यावर ती वळली. ओठ हलले. शेजारी आवाज नाही. दार बंद.

तुकडा फिरून पुन्हा आला. मी थांबले नाही. ओठ हलले. आवाज नाही.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. ती ओठांकडं बघतच नव्हती. पडद्यावरच्या हातांकडं बघत होती. ती शूटिंगच्या वेळची, वर्षापूर्वीची अंबिका. तिला तेव्हा पोर कसं धरायचं ते काय ठाऊक? भाड्यानं आणलेलं कुणाचं तरी पोर तिनं भाजीच्या पिशवीसारखं उचलून शेजारणीकडं केलं होतं, आणि पोराची मान मागं लटकली होती. इतक्या वेळा तो तुकडा आम्ही सगळ्यांनी बघितला, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पोर शेजारणीकडं गेलं तरी तिची नजर त्या मानेवरच होती. पडद्यावरचे ओठ हलायला आणि ती ओरडायला एकच गाठ पडली.

“अगं, मान! मान धर त्याची!”

स्वतःलाच ओरडली ती. मराठीत. मशिन चालू होतं, ते सगळं टेपवर उतरलं.

मी रडायची थांबले. तिनं कानावरचा हेडफोन काढून माईकच्या दांडीवर अडकवला, शाल पुढं ओढून घेतली आणि दार ढकलून बाहेर गेली. काचेपलीकडं भल्लासाहेब कुणाला तरी विचारत होते, क्या बोली, क्या बोली? मी तिच्या मागं धावले. मम्मीजी त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या होत्या.

“लाईन झाली?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग निघालीस कुठं?”

“मिरजेला. संध्याकाळची कोल्हापूरची गाडी मिळेल. ती माणसं यायच्या आत पोचते.”

“अंबू, वेडी का तू? सगळं जाईल. बंगला जाईल, सिनेमे जातील, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही तुला.”

“जाऊ दे.”

“आणि त्या पोरीला काय घालशील?”

अंबिका त्यांच्यापुढ्यात येऊन थांबली. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तू मला काय घातलंस? चादरी पिळल्यास ना? पण पाठीशी बांधून पिळल्यास, आई. कुणाला देऊन तर नाही आलीस मला.”

मम्मीजी बाजूला झाल्या की भिंतीला टेकल्या, मला सांगता यायचं नाही. अंबिका खाली उतरून गेली. चपला मेकअपच्या खोलीतच राहिल्या होत्या, अनवाणीच गेली.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकते. ती पोचली. हुबळीची माणसं येऊन हात हलवत परत गेली. त्या बाईचं मला आजही फार वाईट वाटतं, तिच्याबद्दल कुणी काही सांगत नाही म्हणून तर जास्तच. अंबिकाला पुन्हा सिनेमा मिळाला नाही. ती मिरजेच्याच एका बालवाडीत शिकवायला लागली. मम्मीजी काही दिवस मुंबईत एकट्या राहिल्या, मग गेल्या लेकीकडं. पुढं एकदा कोल्हापूरला जाताना मी मुद्दाम मिरजेला उतरले होते. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, आणि त्या एवढ्याशा दारावर ती भलीमोठी पितळी पाटी, घासून लख्ख केलेली. नातीचं नाव मधुरिमा ठेवायचा हट्ट आजीनंच धरला होता म्हणे. पाटी वाया कशाला घालवायची! मम्मीजी नातीच्या वेण्या घालत होत्या. माझी शाल अंबिकानं घडी घालून परत दिली. मी ती तिथंच ठेवून आले.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय.

अंबिका गेल्यावर मी थिएटरात परत आले, माझी पिशवी आत होती म्हणून. भल्लासाहेब डोकं धरून बसलेले, दळवी मशिन बंद करायच्या बेतात. मम्मीजी आत आल्या. चेहरा धुऊन आल्या होत्या, पदर नीट खोचलेला. म्हणाल्या, “बेबी की तबियत ठीक नहीं है. पिक्चर मत रोको, भल्लासाब.” मग माझ्याकडं बोट केलं. “इससे बुलवा लो. पोराचा आवाज काढते, बाईचा निघणार नाही का? एकच तर वाक्य आहे.”

मला बाईचा आवाज कधी कुणी मागितला नव्हता. पण सगळे इतके हवालदिल झाले होते, की मला माईकसमोर कधी उभं केलं ते कळलंसुद्धा नाही. दळवींनी माझं मघाचं रडणं कानात लावून दिलं. पडदा उजळला. पोर शेजारणीच्या हातात गेलं, मान लटकलेली. ती गाडीकडं गेली. माझ्याच आवाजात पोर रडत होतं, थांबत होतं, कुणी येतंय का बघत होतं. ती वळली. ओठ हलले.

“मैं किसी की माँ नहीं हूँ,” मी म्हटलं.

दार बंद झालं.

भल्लासाहेब उठून उभे राहिले होते. एरवी मी बाहेर आले की दळवी काहीतरी टिंगल करायचे, त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. मशिनकडं बघतच म्हणाले, “ओके.” पुन्हा घ्यायची गरज पडली नाही. सिनेमात ते तसंच राहिलं आहे. त्या जागी रडणारं पोरही मीच आहे आणि त्याला नाही म्हणणारी बाईही मीच. अंबिकानं ते वाक्य कधी म्हटलंच नाही.

मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा मम्मीजी दाराशी थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, “काय गं, माझ्या पोरीला सकाळपासून जमलं नाही. तुला एका झटक्यात कसं आलं?”

“त्यात काय यायचंय, मम्मीजी,” मी म्हटलं. “मी खरं तेच बोलले.”